हेरंबच्या कॉम्प्युटरची नोंदवही

६ सप्टेंबर २०२५, शनिवार

आमच्या विभागात प्रत्येक यंत्राची एक नोंदवही असते. यंत्र कधी आलं, कधी बिघडलं, कोणी उघडलं, काय बदललं. चंदीगडच्या सेक्टर ३९ मधल्या या संशोधन संस्थेत मी एकतीस वर्षं यंत्रं दुरुस्त करतो आहे आणि एकही वही अर्धवट सोडलेली नाही. घरच्या कामाचीही ठेवायला काय हरकत आहे?

यंत्र : हेरंबचा कॉम्प्युटर. तो अकरावीत असताना, २०१४ साली घेतलेला. आता तो हैदराबादला नोकरी करतो, हे धूड त्याच्या खोलीत टेबलाखाली उभं आहे.

काम : ग्राफिक्स कार्ड बदलणे.

कारण : हेरंब शनिवारी दुपारी मित्रांबरोबर इंटरनेटवर ट्रक चालवायचा खेळ खेळतो. परवा फोनवर त्यानंच सांगितलं. प्रत्येकाचा आपापला ट्रक, माल भरायचा, एकामागून एक निघायचं आणि गप्पा मारत शेकडो किलोमीटर जायचं. मी म्हटलं, मीही आलो तर? तो हसला. "आ जाओ ना बाबा. पर वो पुराना डब्बा ये गेम नहीं उठाएगा." मराठी त्याला सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत देतो. चंदीगडमध्ये वाढलेल्या आमच्या मुलांचं असंच आहे.

म्हणजे अडचण फक्त यंत्राची आहे.

घरी मी एकटाच. रागिणी फेब्रुवारीत पुण्याला गेली, आमच्या गिरिजाच्या बाळंतपणासाठी. नात आता सहा महिन्यांची झाली. जावयाची नोकरी फिरतीची, त्यामुळे रागिणीचा पाय तिथून निघत नाही. परतीचं तिकीट काढायचं राहूनच गेलं आहे.

७ सप्टेंबर, रविवार

डबा उघडला. आत अकरा वर्षांची धूळ, पंख्यांवर करड्या लोकरीसारखी. ब्लोअरने बाल्कनीत नेऊन उडवली. ब्लोअरचा आवाज बंद झाल्यावर घर एकदम फार शांत वाटलं, म्हणून पुन्हा थोडा वेळ चालवला. धूळ तशी निघालेली होती.

पॉवर सप्लाय ४५० वॅटचा, कुठल्या तरी अनोळखी कंपनीचा. चालेल असं वाटतं.

१३ सप्टेंबर, शनिवार

सेक्टर २२ मध्ये गेलो होतो. मोबाइलच्या दुकानांच्या वर, पहिल्या मजल्यावर एक कॉम्प्युटरचं दुकान आहे. हेरंबचा कॉम्प्युटर तिथूनच घेतला होता. तेव्हा गल्ल्यावर एक सरदारजी बसायचे. आता त्यांची मुलगी जसलीन दुकान बघते. तिशीची असेल. दुरुस्तीही स्वतः करते, समोर एक मदरबोर्ड उघडा पडला होता.

मी कार्डाचं नाव सांगितलं. तिने खोका काढला, पण हातात दिला नाही.

"अंकल जी, सप्लाय कितने वॅट का है?"

"साडेचारशे."

"पुराना है ना? ये कार्ड अलग से पावर माँगता है. आठ पिन की तार चाहिए. सप्लाय भी साथ में ले लो."

मी तिला सांगितलं की मी इन्स्ट्रुमेंटेशनमधला माणूस आहे, जोडणीची वायर माझ्याकडे आहे, मी बघून घेईन. ती म्हणाली, "तार जोड लोगे जी, वो तो मुझे पता है. पर पीछे जान भी तो होनी चाहिए." मी हसून खोका घेतला.

निघताना तिने विचारलं, "बेटा आ रहा है छुट्टी पे?"

"नहीं. मुझे खुद खेलना है. बेटे के साथ."

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बहुत अच्छी बात है जी. और आंटी जी?"

"पुणे में है. आ जाएगी."

१४ सप्टेंबर, रविवार

कार्ड लांबीला चार सेंटिमीटर जास्त निघालं. पुढे हार्ड डिस्कचा पिंजरा आडवा येतो. तो रिव्हेट मारून पक्का केलेला. ड्रिलने सहा रिव्हेट कापले, पिंजरा काढला, हार्ड डिस्क खालच्या बाजूला दोन पट्ट्यांनी बसवली. काम सुबक झालं आहे. कुणाला तरी दाखवावंसं वाटलं. फोटो काढून हेरंबला पाठवला. त्याने अंगठा पाठवला.

संध्याकाळी रागिणीचा फोन आला. तिचं बी.एड.चं सर्टिफिकेट आणि जुन्या शाळेचं अनुभवाचं पत्र हवं आहे, कुरिअरने पाठवा म्हणाली. कपाटात वरच्या कप्प्यात फाइल होती. कप्पा बराच रिकामा आहे. चांगल्या साड्या, तिच्या आईची चांदीची समई, फोटोंचे दोन अल्बम, काहीच नाही. जाताना एवढं सामान नेलं होतं हे लक्षातच आलं नव्हतं. बारशाला लागलं असेल.

मी तिला पिंजऱ्याचं सांगितलं. ती म्हणाली, "हो का? छान." बाळ रडत होतं म्हणून फोन ठेवला. मला बाळ काही ऐकू आलं नाही, पण फोनमध्ये सगळं ऐकू येतंच असं नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

कार्ड बसवलं. जोडवायरने वीज दिली. चित्र उमटलं, अगदी स्वच्छ. खेळ सुरू केला. गोदामाच्या फाटकातून ट्रक बाहेर काढला, पावसाळी रस्ता होता, समोरच्या काचेवर थेंबसुद्धा दिसत होते. पहिल्या वळणावर टप असा आवाज झाला, पडदा काळा, आणि जळक्या वार्निशचा वास.

पॉवर सप्लाय गेला. जोडवायरचं टोक वितळलेलं. कार्ड वाचलं असावं.

आमच्या वहीत एक रकाना असतो, 'बिघाडाचं कारण'. बहुतेक वेळा मी 'वापरणाऱ्याची चूक' असं लिहितो. आजही तेच लिहितो. त्या मुलीने सांगितलं होतं.

हेरंबला कळवलं की आज जमणार नाही. "कोई ना बाबा, टेक युअर टाइम," असं उत्तर आलं. जरा लगेचच आलं.

२७ सप्टेंबर, शनिवार

जळका सप्लाय पिशवीत घालून जसलीनकडे नेला. मला वाटलं होतं ती बोलून दाखवेल. तिने फक्त वास घेतला, बाजूला ठेवला आणि साडेसहाशे वॅटचा नवा काढून दिला. "अब शेर की तरह चलेगा."

गिऱ्हाईक कुणी नव्हतं. तिने चहा मागवला. रागिणीला जाऊन किती महिने झाले ते तिने विचारलं. मी म्हटलं, सात होऊन गेले. ती स्क्रूड्रायव्हर पुसत बसली. मग म्हणाली की ती बारावीत असताना तिची आई मामाच्या लग्नाला म्हणून लुधियानाला गेली होती. "पापा जी पूरा साल कहते रहे, आ जाएगी, आ जाएगी. हम सबको पता था जी. बस पापा जी को नहीं पता था."

मी म्हटलं, फार वाईट झालं. तिच्या घरचं काही बिनसलं असेल. आमच्या घरात इतक्या वर्षांत आवाज चढवून कुणी बोललेलं नाही.

जिना उतरताना तिने वरून हाक मारली. "अंकल जी, कहीं अटक जाओ तो फोन कर लेना. कुछ भी हो."

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा, सुट्टी. सकाळपासून जोडणी. जुन्या सप्लायच्या वायरी एकेक सोडवून नव्याच्या घातल्या. बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पण पडद्यावर काही नाही. तासभर सगळं तपासलं. शेवटी जसलीनला फोन केला. सण होता, मागे घरात माणसांचा गलका चालला होता, पण ती बाजूला येऊन बोलली.

"आराम से बताओ. आवाज कैसी है? पंखा रुक-रुक के चलता है या एकसार?"

"एकसार."

"ऊपर कोने में देखो, प्रोसेसर के पास. आठ पिन का एक और सॉकेट है. उसमें तार लगी है?"

नव्हती. कार्डाच्या मागे लपलेली ती जागा मला दिसलीच नव्हती. वायर घातली, चित्र आलं. मी चक्क टाळी वाजवली. तिने विचारत विचारत बसल्या जागेवरून शोधलं. मी तासभर नुसता यंत्राकडे बघत होतो.

दुपारी रागिणीचा फोन. तिच्या आधार कार्डाचं काहीतरी चाललं आहे, त्याला माझा मोबाइल नंबर जोडलेला, म्हणून ओटीपी माझ्याकडे आला. पत्ता बदलण्यासाठीचा होता. सहा आकडे वाचून दाखवले. बँकेच्या कामाला स्थानिक पत्ता लागत असेल. तिने सांगितलं की एका बालवाडीत सकाळची नोकरी धरली आहे, सोमवारपासून जायचं. मी म्हटलं, बरं झालं, तेवढाच तुझा वेळ जाईल.  ती म्हणाली, "दसऱ्याचं काही गोड केलंत का?" श्रीखंड आणलं आहे असं सांगितलं. आणलेलं नव्हतं.

४ ऑक्टोबर, शनिवार

आज हेरंबबरोबर ट्रक चालवला.

दुपारी तीनला त्याला फोन केला. "आपने सच में बना लिया?" त्याच्या आवाजात आश्चर्य होतं, आणखीही काहीतरी होतं. मित्रांना त्याने सांगितलं असावं, कारण ते पुढे निघून गेले. माझ्यासाठी तो एकटा मागे थांबला. हेडफोन लावले की त्याचा आवाज अगदी कानाशी येतो, शेजारी बसल्यासारखा.

मी सुरुवातीला दोनदा कठड्याला धडकलो. "बाबा, इंडिकेटर! इतनी जल्दी क्या है?" मग सावकाश चालवू लागलो. तो पुढे, मी मागे. त्याचे लाल दिवे डोळ्यांसमोर ठेवायचे एवढंच काम. दोन्ही बाजूंना पिवळी शेतं, पवनचक्क्या. तो ऑफिसबद्दल बोलला, गुडघा दुखतो त्याबद्दल बोलला, एका मुलीबद्दल अर्धं वाक्य बोलून थांबला. मी विचारलं नाही. दीड तास झाला. तो इथं राहत होता तेव्हासुद्धा आम्ही सलग दीड तास कधी बोललेलो मला आठवत नाही.

थांबताना म्हणाला, "मज़ा आया बाबा." हे इथं शब्दशः लिहून ठेवतो.

११ ऑक्टोबर, शनिवार

हेरंबला ऑफिसचं काम होतं. एकटाच चालवला. दोनशे साठ किलोमीटर. रस्ता तोच, पण पुढे दिवे नव्हते.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळी सोमवारी. रागिणीचं पुणे ते चंदीगड विमानाचं तिकीट काढलं, शुक्रवारचं. आगगाडीत ती दमते. तिला न सांगताच काढलं आणि थेट पाठवून दिलं. हेरंबलाही ये म्हणून सांगणार आहे. पडदे धुवायला टाकले.

१५ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी रागिणीचा फोन. नेहमीचा आवाज नव्हता.

"हे तिकीट काय आहे?"

"तुझं. दिवाळीचं. सरप्राइज."

"मला विचारलंत?"

"विचारलं असतं तर सरप्राइज कसलं?"

"झिरकपूरचा फ्लॅटही सरप्राइजच होता," ती म्हणाली. "तीस वर्षं मी म्हणत होते, तुम्ही रिटायर झालात की आपण पुण्याला जाऊ. आणि तुम्ही किल्ली आणून माझ्या हातात ठेवलीत."

मी म्हटलं, फ्लॅट चांगला आहे, चंदीगडला लागूनच आहे, हवेशीर आहे, तूच तर बघून छान म्हणालीस.  फोन कट झाला असं वाटून मी हॅलो हॅलो केलं. मग ती अगदी हळू म्हणाली, "तिकीट रद्द करा. हेरंब बोलेल तुमच्याशी."

हेरंबचा यात काय संबंध? त्याला फोन केला तर म्हणाला, "सॅटरडे को, बाबा. ट्रक में बात करते हैं."

१८ ऑक्टोबर, शनिवार

आज तो आधीच येऊन थांबला होता. मित्रांना येऊ नका म्हणून सांगितलं होतं. आम्ही निघालो. वीस-पंचवीस मिनिटं तो नुसताच चालवत राहिला. मग रस्त्याच्या कडेला त्याने ट्रक उभा केला. मीही मागे उभा केला. दोन्ही ट्रकचे दिवे लुकलुकत होते.

तो मराठीत बोलू लागला. शब्द शोधत, अडखळत. लहानपणी रागिणी त्याला सक्तीने गोष्ट सांगायला लावायची, तेव्हा बोलायचा तसा.

"बाबा, आई परत नाही येणार आहे."

मी म्हटलं, "हो, दिवाळीला नाही. कळलं मला."

"दिवाळीला नाही, असं नाही. नाहीच येणार. तिने खोली घेतलीय. गिरिजाताईच्या घराजवळ. एकटी राहते, ऑगस्टपासून."

मला ब्रेक दाबायची गरज नव्हती, ट्रक उभाच होता, पण मी पाय दाबून धरला होता.

"भांडण झालं का काही? मी काही बोललो का तिला?"

"नाही ना. वही तो..." मग पुन्हा मराठीत, "तुम्ही काही बोललाच नाहीत. तिने तुम्हाला सांगितलं होतं, बाबा. फेब्रुवारीत, जायच्या आधी. जेवताना. ती म्हणाली, मी आता पुण्यातच राहीन. आणि तुम्ही म्हणालात, हो हो, पाहिजे तितके दिवस राहा."

मला ते जेवण आठवलं. वांग्याची भाजी होती. त्या दिवशी संस्थेत नवं सेंट्रीफ्यूज बसवलं होतं आणि ते थरथरत होतं. मी त्याचा विचार करत होतो. ती काहीतरी म्हणाली, ताट सरकवून. मी ते वाक्य म्हटलं. मला वाटलं होतं मी मोठ्या मनाने बोललो.

"तुम्हा सगळ्यांना माहीत होतं?"

"हो. आई म्हणाली, त्यांना कळेल हळूहळू. आम्ही वाट बघत होतो." मग तो म्हणाला, "सॉरी, बाबा. मीच सांगायला पाहिजे होतं. पण फोनवर तुम्ही कार्ड, सप्लाय, हेच सगळं... तुम्ही इतके खूश होता."

मी म्हटलं, चल, पुढे जाऊ. तो म्हणाला, नको, थोडा वेळ इथंच थांबू. थांबलो. बाजूने खेळातल्या गाड्या जात होत्या. त्याच्या श्वासाचा आवाज येत होता.

२० ऑक्टोबर, सोमवार

दिवाळी. ही वही पहिल्यापासून वाचली. कपाटातला कप्पा, सर्टिफिकेट, ओटीपी, बालवाडी. सगळं माझ्याच अक्षरात आहे, तारीखवार.

समोरच्या क्वार्टरमधल्या पोरींनी आमच्याही उंबऱ्यावर दोन पणत्या ठेवल्या. जसलीनचा दिवाळीचा मेसेज आला. खाली लिहिलं होतं, मशीन कैसी है अंकल जी, और आप? पहिल्या प्रश्नाचं उत्तर पाठवलं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

रागिणीला मेसेज केला. चार वेळा लिहून खोडला. शेवटी एवढंच : मी पुण्याला येऊ का? तुझी इच्छा नसेल तर नाही येणार.

२५ ऑक्टोबर, शनिवार

उत्तर आलं. "या. गिरिजाकडे उतरा. रविवारी दुपारी माझ्याकडे चहाला या."

हेरंबला दाखवलं. आज ट्रक चालवला नाही, नुसतेच बोललो. त्या मुलीचं नाव अक्षरा. मी विचारलं म्हणून सांगितलं.

९ नोव्हेंबर, रविवार. पुणे

खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. एक खिडकी, एक पलंग, दोन खुर्च्या. भिंतीवर बालवाडीतल्या मुलांनी काढलेली चित्रं चिकटवली आहेत. रागिणीचे केस कानाजवळ पांढरे झाले आहेत. कदाचित चंदीगडलाच झाले असतील.

ती चहा टाकायला गेली. सिंकचा नळ ठिबकत होता. मी उठलो, वॉशर गेला असणार, खिशात पक्कड होतीच. तिने माझ्या हातावर हात ठेवला.

"राहू द्या. प्लंबरला सांगितलंय, उद्या येतो. तुम्ही बसा."

मी बसलो. हात कुठं ठेवावेत कळेना, मांडीवर ठेवले.

चहा घेताना मी तिला शाळेबद्दल विचारलं. ती आधी थोडक्यात बोलली, माझ्याकडे बघत. मला वाटतं ती बघत होती की मी मध्येच उठतो का. मग बोलू लागली. एक मुलगा आहे, तो कुणाशीच बोलत नाही, फक्त हिच्या पदराचं टोक धरून फिरतो. एक आहे ती रोज नवीन नाव सांगते. मग चंदीगडबद्दल बोलली. पहिल्या वर्षीच्या थंडीबद्दल, मी आठ-आठला घरी यायचो त्याबद्दल, आणि मला माहीतच नसलेल्या पुष्कळ गोष्टींबद्दल. त्या इथं लिहीत नाही. त्या तिच्या आहेत. पाऊण तास तरी झाला असेल. मला दोनदा उत्तर द्यावंसं वाटलं, दिलं नाही.

शेवटी ती म्हणाली, "मी परत येणार नाही. हे तुम्हाला नीट कळलंय ना?"

"हो."

"हेरंबने सांगितलं?"

"नाही," मी म्हटलं. "तू सांगितलंस. फेब्रुवारीत."

तिने कप खाली ठेवला. पदर डोळ्यांना लावला, की घाम पुसला, मला ठरवता आलं नाही आणि मी ठरवायला गेलो नाही. मग तिने विचारलं, "अजून अर्धा कप घेणार?"

"घेतो," म्हटलं.

उद्या दुपारची गाडी आहे.